छपरातून आलेला नवरा

प्रिय ओप्पियस,

हे पत्र तुम्हाला पाठवेन की नाही, मलाच ठाऊक नाही.

नुमेरियस परत आलाय. धान्याच्या जहाजाबरोबर बुडाला म्हणून ज्याचे अंत्यविधी आम्ही उरकले, तोच माझा नवरा काल दारात उभा होता. मी धावले, तर सासूबाईंनी मला मागे ओढलं. "थांब गं! ज्याचे विधी झाले, तो दारातून येत नाही. छपरातून उतरू दे." त्या रडत होत्या आणि रडता रडताच दाराला अडसर लावत होत्या.

शेजाऱ्यांनी शिडी लावली, चार कौलं काढली. तो चढताना कुणीतरी ओरडलं, "सांभाळून रे बाबा, परत मरू नकोस!" सगळे हसले. मीही हसले, मग माझीच मला लाज वाटली.

दोराला धरून तो खाली उतरला, चुलीजवळच्या घरदेवांपुढे वाकला आणि माझ्याकडे वळला. "वेट्टिया, किती वाळलीस गं!"

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. आपल्या लग्नाच्या केशरी ओढणीला मी काठ शिवत बसले होते, ती तशीच हातात राहिली होती.

"कुणाचं लग्न?"

"शेजारच्या पोरीचं," सासूबाई पटकन म्हणाल्या. मी मान हलवली.

आता तो अंगणात अंग धुतोय, मोठ्याने गातोय. त्याचा आवाज ऐकून मला खरंच आनंद होतोय. तरी डोळे का वाहतायत? काल माझा नवरा परत आला, की तुम्ही गेलात, तेच मला समजत नाही.

तुमची म्हणू की नको, अशी
वेट्टिया