विमानाने एक तास पाच मिनिटं

सोमवार, ता. ३
लेकीला मुलगी झाली! चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, पण हे लिहून ठेवायलाच हवं. गुरुवारी दुपारी बाळ दवाखान्यातून घरी. लेक फोनवर म्हणाली, तू नाहीतर सासूबाई, जी आधी पोचेल तिने घरातली पहिली आंघोळ घालायची. विहीणबाई त्यांच्या गावाहून बसने निघणार. सहा तास! कंबर धरेल. धरू दे. मी विमानाने.

मंगळवार, ता. ४
नातवाने मोबाइलवर दाखवलं. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत पाचशे दहा किलोमीटर, एक तास पाच मिनिटं. एवढा वेळ तर सुनेला दोन भांडी घासायला लागतो. मुलगा म्हणतो, आई, दिवस मोडेल तुझा. भित्रा, बापावर गेलाय.
विहीणबाईंना फोन करून सांगितलं, सावकाश या, मी चहा टाकून ठेवते. त्या म्हणाल्या, बरं. नुसतं बरं! शी, काय माणसं.

बुधवार, ता. ५
मालिशचं तेल स्वतः कढवलं, मोठी बाटलीभर. सून म्हणाली, मोठ्या बॅगेत टाका. म्हणजे फुटून लुगड्यांना मालिश! पर्समध्येच ठेवलं.

गुरुवार, ता. ६, सकाळी ६
विहीणबाईंची बस सुटली असेल. बिचाऱ्या! माझं विमान दहा चाळीसला. मुलगा आत्तापासून गाडी काढून उभा. विमानतळ झाडायचाय का मला?

८.५०
रांग. त्या रांगेच्या शेवटी दुसरी रांग.

९.३०
तेल गेलं! चेकिंगवाल्या बाईने बाटली उचलून सरळ कचऱ्याच्या पिंपात टाकली. म्हटलं, बाई, वास तरी घे. तर म्हणे, आजी, एवढी मोठी बाटली चालत नाही. मेलीला आई आहे की नाही?

११.२०
मी विमानात बसलेय आणि विमानही जमिनीवर बसलंय. शेजारच्याने मोजे काढलेत. नाकाला पदर लावलाय.

१२.४०
उतरले! आकाशात बरोबर एक तास पाच मिनिटं. मी सांगतच होते.

१.१५
बॅग येत नाही. कुणाची तरी घाणेरडी निळी बॅग चौथ्यांदा फिरून गेली.

१.३०
ती माझीच. सुनेने काल कव्हर चढवलं होतं. सांगायला तोंड नाही?

१.४०
टॅक्सीवाला म्हणतो, शहर इथून दीड तास. मग विमानतळाला त्या शहराचं नाव कशाला दिलं? माळरानाचं द्यायचं.

३.३०
दार विहीणबाईंनी उघडलं. बाह्या वर सरकवलेल्या, हाताला तेलाचा वास. बाळ न्हाऊनमाखून गाढ झोपलेलं. म्हणाल्या, बसा, दमला असाल, चहा टाकलाय.
चहा चांगला होता. त्याचाच जास्त संताप आला.
नात मांडीवर घेतली. गुलाबी, मऊ, माझंच नाक. बजावून सांगितलं, उद्याची आंघोळ मी घालणार. विहीणबाई म्हणाल्या, बरं.
तेल मात्र त्यांचंच घ्यावं लागेल.