कमानीची गोष्ट

६ ऑक्टो., नायमेखन, नेदरलँड्स
बायकोचा, नीलिमाचा लॅपटॉप शेवटी उघडला. ती मार्चमध्ये गेली, तेव्हापासून हात लावला नव्हता. तिनं मराठीत आणलेल्या सर्बियन कथा त्यात आहेत. पुढाऱ्यांची आणि लोकांची टिंगल. पूर्ण एकच, कमानीची. मंत्री येणार म्हणून गाव कमान उभारतं, घाईत ती ठेंगणी होते. मंत्री येतच नाही. पाडली तर मंत्र्याचा अपमान, म्हणून सगळे वाकून जातात. पुढे डॉक्टर वाकलेली पाठच निरोगी ठरवतात.
मी गोष्टी वाचणारा माणूस नाही. तरी हसलो. मग घरात कसंतरीच वाटलं. बाहेर चक्कर मारून आलो.

९ ऑक्टो.
शेजारच्या सर्बियन मिलित्साबाईंकडे. कथा नी.ला त्यांनीच इंग्रजीतून समजावली होती, ओळ न् ओळ. म्हणाल्या, "हसून हसून तिनं माझी कॉफी सांडली होती."
कापेल गावच्या मराठी मंडळात दिवाळीला वाचू का, अध्यक्षा शुभाताईंना विचारलं. लगेच हो.

१५ ऑक्टो.
कार्यक्रमपत्रिका आली. 'श्रद्धांजली : कै. नीलिमा.' फोटो, हार, दोन मिनिटं शांतता, मग कथा.
फोन केला. "ताई, विनोदी आहे ती."
"असू दे रे. कुणी हसणार नाही, मी सांगते सगळ्यांना."
फोन ठेवला. लोकांनी हसावं, एवढंच हवंय.

१९ ऑक्टो.
झोप नाही. ऑफिसात लक्ष नाही. पुन्हा फोन. शांतता शेवटी ठेवा म्हटलं.
"अरे, शेवटी जेवण! लोक प्लेट घेऊन उभे राहणार?"
मग फोटो तरी नको.
"मंडळ नीलिमाला विसरलं म्हणतील."
मिलित्साबाईंना सांगितलं. डोळे पुसत हसल्या. "ही तर नवीन गोष्ट झाली. लिही."
मला कुठे येतंय लिहायला.

२५ ऑक्टो.
कापेलचा हॉल. मिलित्साबाई सोबत. फोटो, जाड हार. फायर अलार्म वाजतो म्हणून समई बॅटरीची. शांतता झाली. वाचायला लागलो. हूं की चूं नाही. पहिल्या रांगेत हात जोडलेले. एक बाई नाक पुसत होत्या.
कथेत डॉक्टर आले तेव्हा मिलित्साबाई मोठ्यानं हसल्या. मराठी येत नाही, तेवढा शब्द कळला असणार. मागून कुणीतरी, "शूऽऽ! कोण आहेत या?" मग दुसऱ्याच कुणाचं हसू फुटलं. लगेच दाबलं.
मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते. हसायचं की नाही, माझ्या तोंडावर शोधत.
माझं तोंड कसं दिसत होतं, कोण जाणे. पुढचं वाक्य वाचलं.