वडनेरच्या थांब्यावर तीन डबे

वडनेर मुक्कामी आमचे भाऊजी प्रेमदासजी यांले धाकल्या साळ्याचा, म्हणजे मुकेशचा, बसल्या जागेवरून रामराम. (उठून कराची ताकद उरली नाई.) तुमची कंबर कशी आहे? रीताताईचा खोकला थांबला काय? मी इकडे जिता आहो, याच्यावरच समाधान माना.

जाम, हिंगणघाट, वडनेर अशी हलकी रेल्वे काढाचं आमच्या हापिसात चालू आहे, हे तुमाले मीच सांगतलं होतं. गाडीले डबे किती जोडाचे अन् ती किती वेळानं सोडाची, हे थांब्यावरच्या गर्दीवरून ठरते. वडनेरची गर्दी मोजाचं काम मी मागून घेतलं. ताईचं गाव, दुसरं काय. सकाळी येऊन पायतो तं एसटीच्या थांब्यावर पाय ठेवाले जागा नाई. म्हातारे, लेकुरवाळ्या, कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात डबा. माहा तं ऊर भरून आला. मोजून मोजून मान दुखली. (कोण कुठं जाते ते विचारलं काऊन नाई, म्हणाल, तं निघाल्या माणसाले कुठं चालला म्हणून टोकाचं नसते, हे तुमीच मले शिकवलं.) कागदावर वडनेरले तीन डब्यांची गाडी बसली, मोठ्या साहेबानं पाठ थोपटली.

मंग साहेब स्वतः पाहाले आले. गर्दी तशीच. एसटी आली, अन् तिच्यात एकट्या देवकाबाई चढल्या, लोणच्याची बरणी घेऊन. बाकी सारे गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राह्यले अन् घरी गेले. साहेब माह्याकडे पाहून राह्यले, मी डांबराकडे. आपल्या इथं एक जण जाते तं दहा जण पोचवाले येतेत, अन् जो येत नाई त्याचं नाव वर्षभर निघते, हे त्या माणसाले कसं समजवाचं? त्यायले वाटते मी आकडा फुगवला. आता वडनेरचा थांबाच कटून राह्यला, गाडी हिंगणघाटातच संपणार. मले खरं दुःख तुमच्या आचलचं आहे. जामले दिलेली पोरगी, कोणी घ्याले गेलं तवाच म्हायेरी येते. ही गाडी झाली असती तं मनात आलं का एकटी आली असती, ताईच्या हातचं जेवून गेली असती. लय जीव तुटते माहा तिच्यासाठी.

पण जाऊ द्या, मी दमलो. गावाले एवढं सांगजा का पोचवाची ही रीत आता बंद करा. नुसतं उभं राहून कोणाचं भलं होत नाई.

तुमचा थकेल साळा,
मुकेश

ता. क. सोमवारी साहेब पुन्हा मोजाले येऊन राह्यले. या खेपेले जो एसटीत चढन तोच मोजणीत धरणार. आचल त्याच दिवशी सासरी जाणार, असं ताई फोनवर बोलली. तवा तिले पोचवाले येणारं एकूण एक माणूस गाडीत चढवजा अन् जामपर्यंत नेजा. चहा तिच्या सासूकडे घेजा. (सासूले आधी सांगू नका.)

आणखी एक. रीताताईले तेवढं थांब्यावरच राहू देजा. मांगं हात हलवणारं कोणीच दिसलं नाई तं आचल रडत खाली उतरन, अन् तिले समजवाले सारं गाव तिच्या मांगं उतरन.