फांद्यांचा ढिगारा

२ सप्टेंबर
आज पुन्हा तिथेच! ख्वाई नदीच्या वरच्या अंगाला, मोपाने झाडांच्या रानात. वाळलेल्या फांद्यांचा तो ढिगारा आणि भोवती अकरा हत्ती. फाटक्या कानाची म्हातारी हत्तीण पुढे. आवाज नाही, कान हलवणं नाही. नुसत्या सोंडा ढिगाऱ्यावरून फिरत होत्या. मी सफारीच्या पाहुण्यांना हळूच सांगितलं — "यांचं कुणीतरी मेलंय इथे. हत्ती आपल्या मेलेल्याला असंच झाकतात." एक बाई रडल्या. फोटो मात्र सगळ्यांनी काढले.

मी गाडीतून उतरले नाही. आमचं कूळ हत्तीचं. मेलेल्या हत्तीजवळ आमच्या घरातलं कुणी जात नाही, नीट बघतसुद्धा नाही. लहानपणापासूनची शिस्त.

५ सप्टेंबर
घरी फोन केला. आई अजून ओतेंगचं ताट वाढते. पाच महिने झाले! एप्रिलमध्ये माझा हा शहाणा भाऊ आईची लाल टोपी घालून बिबट्याचा माग काढत एकटाच गेला, तो गेलाच. मामा म्हणतो, तीस तारखेच्या आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाआधी प्रार्थना उरकू, घराला मोकळं करू. आईचं एकच — "आधी हाडं दाखवा, मग रडते."

मला मामाचा राग येतो. आईचाही येतो. ओतेंगचा तर सगळ्यात जास्त.

९ सप्टेंबर
म्हातारी आज थेट गाडीपाशी आली. पाहुण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा खांदा, मान, केस — सोंड सावकाश फिरवली. गरम, ओला श्वास. मग ढिगाऱ्याकडे गेली, तिथे हुंगलं. परत माझ्याकडे! असं तीनदा. पाहुणे खूश.

१० सप्टेंबर
आज तिकडे नको म्हटलं. मॅनेजर म्हणाला, "अगं, लोक त्यासाठीच येतायत!" गेले. म्हातारीने मला परत हुंगलं.

१५ सप्टेंबर
संध्याकाळी कॅम्पवर चहा पिताना जनावरांचा माग काढणारा आमचा म्हातारा मोआत्लोदी म्हणाला, "पोरी, हत्तीचं डोकं केवढं असतं?"

"मला काय विचारता, काका? चाळीस वर्षं तुम्ही हेच करताय."

"त्या ढिगाऱ्याखाली मावेल?"

"पिल्लू असेल."

तो साखर ढवळत बसला. मग म्हणाला, "पिल्लू त्यांचं. मग हुंगते तुला का?"

मी असली भडकले! "नसतं काहीतरी डोक्यात भरवू नका," म्हटलं आणि चहा तसाच टाकून उठले. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलायला नको होतं.

१६ सप्टेंबर
गाडी नदीकडे नेली. पाणघोडे दाखवले. भित्री आहे मी.

१७ सप्टेंबर
आईचा फोन आला. उचलला नाही.

१८ सप्टेंबर
मोआत्लोदीची माफी मागितली. "उद्या माझ्याबरोबर याल?" म्हटलं. "मी कधीचा तयार आहे," म्हणाला.

कूळ बाटलं तर बाटू दे.

१९ सप्टेंबर
सकाळी आठला दोघंच गेलो. हत्ती होतेच. मी खाली उतरले, म्हातारी दोन पावलं मागे सरली आणि उभी राहिली. फांद्या मी माझ्या हातांनी उचलल्या. खाली आईने विणलेली लाल टोपी होती.

सदतीस पाहुणे आणले मी इथे. सदतीस! वीस पावलांवरून.

आता आईला फोन करायचाय. आज ताट वाढू नको म्हणून.