नदीला नारळ कोण देणार

सापगाव,
ता. १३ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव संदेश,
अण्णाचा आशीर्वाद. तिकडे सगळे बरे असाल.

आज सकाळपासून कानात एकच आवाज आहे. डोहाच्या पाण्यावर तळहात आपटल्याचा. थप्प, थप्प, आणि मागून तुम्हा भावांचं खिदळणं. मी काठावरून शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो आणि तुम्ही पाण्यावर ठेका धरायचा.

इकडे भात झोडून झालं. माझा खोकला कमी आहे. तुझी लेक मनस्वी तुझ्यावर रागावलेली नाही, हेही लिहून टाकतो.

तिची पाण्यावरची सायकल तयार झाली. दोन निळे पिंप, वर सायकलचा सांगाडा, खाली पाती. पायडल मारलं की पुढे जाते. खेळून झालं की काठाला दोरानं बांधायची. मग प्रवाहच पाती फिरवतो आणि बॅटरी भरते. धरणातून मुंबईसाठी पाणी सोडतात, त्यामुळे आपल्या नदीला उन्हाळ्यातही ओढ असते. त्या विजेवर घाटावर दिवे लावणार आहे पोर.

मी विचारलं, "दिवे कशाला गो?"

"तिनसांजेला काका बुडला तेव्हा कोणाला दिसला नाय ना, आजोबा."

बघ, ओमकारचं नाव मी या पत्रात काढणार नव्हतो.

पाण्यात उतरलीस तर माझी मुलगी नाहीस, असं तू तिला म्हणालास. धाकटा भाऊ गमावलेल्या माणसाचं ते बोलणं, मला कळतं. पण रविवारी सायकल पाण्यात घालायची आहे, आणि त्याआधी नदीला नारळ घरच्या कर्त्यानं द्यायचा ही आपली रीत. मी देतो म्हटलं, तर ऐकत नाही. "तुमी नाय. पप्पाच देतील. नायतर अंगणातच गंजू दे." तुझाच हट्ट, दुसरं काय!

थांब, कडी वाजतेय.

संदेश, दारात सरिता उभी आहे. ओमकारची सरिता. त्याच्यामागे माहेरी, म्हसा गावी गेली, ती आज पहिल्यांदा या उंबऱ्याशी आली. मनस्वीनं बोलावलं नव्हतं. गावातून कानावर गेलं म्हणे. तिनं दारातूनच अंगणातल्या सायकलीकडे बोट केलं.

"नारळ कोनी द्यायचा ते तुमी बघा, मामंजी. पयली बसणार मी. आन् भाऊजींना लिवा, भ्याले असतील तर काठावर उभे रावा. पन या."

हे तिचे शब्द, जसेच्या तसे. पत्र इथेच थांबवतो, तिला आत बोलावतो.

तुम्हा दोघा भावांचीही वाट पाहिलेला,
अण्णा