बशीतली हळद

मंगळवार, दिवेलागण

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या हृदयाच्या पेशींना आज हळदीचा अर्क दिला. त्यांच्यात मुद्दाम तयार केलेल्या वणाचे धागे विरळ झाल्यासारखे वाटले. की मलाच तसं वाटायला हवं होतं?

मग आबांना घेऊन कळंबा तळ्यावर गेले. अटॅकनंतर माझ्या या पैलवान बापाच्या हृदयावर असाच वण राहिलाय. जरा चाललं की दम लागतो. हळदीचं सांगितलं तर म्हणाले, "तालमीच्या मातीत हळदच असायची. जन्मभर लोळलो की त्यात! मग आत कशी न्हाय गेली?"

उन्हं कलली होती. तळं पिवळंधमक, हळदीनं रंगलेल्या माझ्या बोटांसारखं. एक मोठी बशीच जणू...

"आबा, हे अजून बशीतच जमतंय. माणसात जमंल का, ठाऊक न्हाय."

ते दम खात काठावर टेकले.

"मग मलाबी ठेव की बशीत."