काळभात

आई, यंदा भात झोडून झाला तरी आपल्या घराला कुलूप लागलं नाही. तुझ्या वेळचं असं एकही वर्ष मला आठवत नाही. भात घरात आला, कळसूबाईला नवं दाखवून झालं, की तू भांडीकुंडी बांधायचीस आणि आपण घाट उतरून बागायतदारांच्या कांद्यात मजुरीला जायचो, ते शिमग्यालाच परत. डोंगरावर पडलेलं पाणी खाली जातं आणि त्याच्यामागं माणसंही जातात, असं तू म्हणायचीस. त्यात तक्रार नसायची.

तुझं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढं येतं. तू उखळात आपला वासाचा काळभात सडते आहेस आणि तांदळावर थोडा कोंडा राखूनच हात थांबवते आहेस. मी शाळेत गुरुजींच्या डब्यातला पांढराशुभ्र भात पाहून आलोय, तसाच हवा म्हणून रुसून बसलोय. तू वळूनही बघत नाहीस. "तांदूळ गोरा करून काय लगीन लावायचंय त्याचं? वास गेला की ऱ्हायलं काय त्यात? जेव गुमान." वैशाखात कणगी तळाला जायची, आपण नागलीच्या आंबिलीवर दिवस काढायचो, तरी बियाण्याच्या गाडग्याला तू कुणाला हात लावू दिला नाहीस. "ते आपलं न्हाई, जमिनीचं हाय." या भाताला उतारा कमी, पोती थोडी भरतात, म्हणून आजूबाजूच्यांनी तो सोडला. आपल्या खाचरात तो टिकला तो तुझ्यामुळं, आणि मग आपल्याकडून बी नेऊन पुन्हा गावभर झाला.

तुझ्या सुनेनं बायकांचा गट केला. हा तांदूळ नीट विकला गेला तर कुणी घाट उतरायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. मागच्या वर्षी शिर्डीला प्रदर्शनात गाळा मिळाला. शहरातल्या माणसाला पांढरं आवडतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी तांदूळ तालुक्याच्या गिरणीतून काचेसारखा चकचकीत करून नेला. आपलं आहे तसं लोकांपुढं ठेवायची लाजच वाटते आपल्याला. गिऱ्हाईक मूठभर हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "हा तर आमच्या गल्लीत मिळतो." पोती परत आली, आणि आठवड्याच्या आत गाव खाली गेलं.

यंदा तिनं गिरणीवाल्याला बजावलं, नुसतं टरफल काढ. तांदूळ दिसायला तांबूस, मळकट. मी म्हणालो, "हे कोन घेनार?" ती म्हणाली, "तुमी नका घेऊ."

शिर्डीत तिनं गाळ्यातच शेगडी पेटवली आणि टोप चढवला. शेजारचा लोणचंवाला ओरडला, "मावशी, हितं शिजवायचं न्हाई, इकायचं हाय!"

"व्हय का? मग तुमी नाक धरून बसा, दादा."

वाफ सुटली तशी दर्शनाहून परतणारी माणसं थबकायला लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी द्रोणातला घास तोंडात घातला आणि द्रोण पुन्हा पुढं केला. "माझ्या माहेरी असा वास यायचा," एवढंच म्हणाल्या. दुपार कलायच्या आत पोती रिकामी. लोणचंवाल्यानं शेवटचा द्रोण मागून घेतला, तेव्हा तुझी सून त्याला म्हणाली, "नाक सोडलं का?" टेम्पोत बायका घाट चढेपर्यंत गात होत्या. मी मागं बसून शिर्डीच्या बाबांचं नाव घेत होतो, पण डोळ्यांपुढं तू होतीस.

पूर्वी या दिवसांत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरायची. आता सांजेला घराघरातून धूर निघतो, शाळेत वर्ग भरलेले असतात, देवळात आरतीला पुरेसे आवाज असतात. आमच्या डोंगराला लोक गरीब म्हणतात. म्हणोत. त्यांनी आमचा भात खाल्लेला नसतो.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. शिर्डीला निघायच्या आदल्या दिवशी मी खालच्या कांद्याच्या मुकादमाला फोन केला होता, "आमी दोघं येतो, जागा धरून ठेव." तुझ्या सुनेला हे ठाऊक नाही. परवा त्याचा फोन आला, "कुठं अडकलाय?" ती शेजारीच तांदूळ पाखडत होती. मी म्हणालो, "राँग नंबर," आणि ठेवून दिला.